चौथा ठोका

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "खंडेराव अण्णा, पन्नास वर्षं गाड्या दुरुस्त केल्यात, चार गमती लिहा की." मी म्हटलं, बाई, माझ्या बोटांना ग्रीसची सवय, शाईची नाही. शिवाय आमचं मराठी म्हणजे तीन-साडेतीनशे वर्षं बेंगळूरच्या पाण्यात शिजलेलं. कन्नडमधलं 'सरी' म्हणजे बरं आणि 'स्वल्प' म्हणजे जरा, हे घातल्याशिवाय आमचं वाक्य पुढं सरकत नाही. त्या म्हणाल्या, तसंच हवंय. मग घ्या. गमतीचं मात्र एकच सांगतो, कारण त्यानंतरचं जे आहे त्यात गंमत नाही.

बसवनगुडीच्या एका रिटायर्ड हेडमास्तरांची गाडी किल्ली काढली तरी चालूच राहायची. किल्ली मास्तरांच्या हातात, आणि इंजिन आपलं घुर्र घुर्र. मास्तरांचे आजारी वडील त्याच गाडीतून आस्पत्रेला जाताना वारले होते. झालं! घरच्यांनी ठरवलं, थोरले गाडीत बसलेत, त्यांना उतरायचं नाही. बॉनेटला हार, हळदकुंकू, समोर नारळ. मी इंजिनाचं हेड उघडलं तर आत बोटभर काजळी. ती तापून निखाऱ्यासारखी लाल होते आणि ठिणगी नसतानाही पेट्रोल पेटवते. काजळी खरवडली, थोरले उतरले. मास्तर मात्र नाराज झाले, काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

असं बरंच पाहिलंय. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक भुताचं मी कार्बोरेटर साफ करून दिलं. त्यामुळं या विषयात मी जरा शेफारलो होतो.

गेल्या वर्षी मृणाल नावाची मुलगी चामराजपेटच्या माझ्या शेडमध्ये आली. मूळची पुण्याची, व्हाइटफील्डला कॉम्प्युटरवर काम करणारी. तिनं सकलेशपूरकडच्या एका कॉफीच्या मळ्यातून जुनी, दोन दारांची छोटी गाडी घेतली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, आमच्या धंद्यात नावावरून मारामाऱ्या होतात. ही गाडी दोन प्रकारांत यायची. एक साधी, ती स्टँडर्ड. दुसरी शर्यतीची, ती स्पोर्ट. मृणालची होती स्टँडर्ड. आणि यशवंतपूरला एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या गोदामात स्पोर्ट विकायला होती. शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या धावपट्टीवर जुन्या गाड्यांच्या शर्यती होणार होत्या, त्यात तिला उतरायचं होतं.

"अण्णा, दोन्ही चालवून मला सांगा. ही ठेवू की विकून ती घेऊ? आणि प्लीज, भावनिक उत्तर नको, मला डेटा हवाय."

"डेटा इथं मिळत नाही," मी म्हटलं. "इथं कॉफी मिळते. बस."

न कळणाऱ्यांसाठी फरक सांगतो. बाहेरून दोन्ही गाड्या जुळ्या बहिणी. स्पोर्टला एकाऐवजी दोन कार्बोरेटर, ब्रेक मोठे, धूर जायची नळी मोकळी. पण खरा फरक पोटात. इंजिनात एक दांडा असतो, कॅमशाफ्ट. त्याच्यावर अंड्यासारखे उंचवटे. दांडा फिरतो तसे ते उंचवटे झडपा उघडतात, म्हणजे इंजिनाला श्वास देतात. साध्या गाडीचे उंचवटे बारीक, ती झोपलेल्या बाळासारखा शांत श्वास घेते. शर्यतीच्या गाडीचे उंचवटे जाड, झडपा जास्त वेळ उघड्या. म्हणून ती जागेवर उभी असताना अडखळते, खोकते, पण एकदा वेग घेतला की तिला आवरत नाही. गाडी उभी असतानाचा आवाज ऐकून मी सांगतो की पोटात कुठला दांडा आहे. त्याला झाकण उघडावं लागत नाही.

मृणाल म्हणाली, "हिचा आयडलिंगचा प्रॉब्लेम पण बघा हं. उभी असली की मधेच धक्का देते."

तिनं गाडी चालू केली आणि माझ्या हातातला कॉफीचा लोटा सांडला.

तीन ठोके सरळ, चौथा खोल. तीन सरळ, चौथा खोल. कुणी जिना चढताना प्रत्येक चौथ्या पायरीवर दम घ्यावा तसा.

हा आवाज मी तयार केला होता. आणि तो मी चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी मोडीत घालायला हवा होता.

आता दत्तण्णाचं सांगायला हवं. दत्ताजी, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पाचव्या गल्लीत राहणारा, शर्यतीचा वेडा. त्याच्याकडे ही स्पोर्ट गाडी होती. तिचा कॅमशाफ्ट त्याला पुरेना. बाहेरून नवा मागवणं तेव्हा अशक्य. मग मीच त्याच्या कॅमशाफ्टवर वेल्डिंगचा थर चढवला आणि कानशीनं, ऑइल-स्टोननं घासून उंचवटे घडवले. अकरा दिवस लागले. शेवटच्या दिवशी घाई झाली आणि एका सिलिंडरचा उंचवटा केसभर जास्त घासला गेला. म्हणून तो चौथा ठोका. मी म्हटलं, दत्तण्णा, पुन्हा करतो. तो हसला, "राहू दे रे खंडू. आमच्या सुलोचनेला गल्लीच्या तोंडालाच कळेल कोण आलं ते."

आणि कळायचंच. संध्याकाळी गाडी गल्लीत वळली की सुलोचनाक्का हातातलं काम टाकून गेट उघडायची. दत्तण्णाला गेटपाशी थांबावं लागलं असं मी कधी बघितलं नाही.

शर्यतीत टायर फुटून गाडी उलटली आणि दत्तण्णा जागीच गेला. गाडीचा सांगाडा माझ्या शेडमध्ये आला. दिवसकार्य झाल्यावर अक्का मुलाचा, आठ वर्षांच्या रघूचा हात धरून आली. रडली नाही. म्हणाली, "खंडू, सगळं मोडीत घाल. एक स्क्रूसुद्धा कुणाच्या गाडीत जायला नको. शप्पथ घे." मी घेतली. माझ्या वस्तादांचीही तीच रीत होती. ज्या गाडीत माणूस गेला तिचं लोखंड दुसऱ्या गाडीत घालायचं नाही, भट्टीतच द्यायचं. वस्ताद म्हणायचे, लोखंडाला सवय लागते. मी मनात हसायचो.

सगळं भट्टीत दिलं. कॅमशाफ्ट दिला नाही. हात होईना. अकरा दिवस घडवलेली वस्तू! तेलकट फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली.

दीड वर्षानं पाचव्याच गल्लीच्या पलीकडे राहणाऱ्या एका डॉक्टरांची गाडी आली. तीच जात, पण स्टँडर्ड, रंग साईसारखा. कॅमशाफ्ट पार झिजलेला. दुसरा कुठंच मिळेना आणि डॉक्टरांचं गाडीवाचून अडलेलं. मी माळ्याकडे बघितलं. अडचण डॉक्टरांची होती, पण खरं सांगायचं तर खाज माझी होती. मला तो दांडा पुन्हा फिरताना बघायचा होता. बसवला. दांड्याच्या समोरच्या तोंडावर, घडवताना खूण म्हणून मी पंचानं ठोकलेले तीन ठिपके होते, ते तसेच ठेवले. डॉक्टर खूश. "खंडेराव, हिला काय पाजलंत? पळतेय की!" मी नंदीबैलासारखी मान हलवली.

महिन्याभरानं डॉक्टर सहज म्हणाले, "तुमच्या त्या दत्ताजींच्या घराचं काय आहे हो? मी संध्याकाळी दवाखान्यात निघालो की बरोबर त्यांचं गेट उघडतं. बाई दार धरून उभ्या असतात. माझ्याकडे बघतही नाहीत. गाडीच्या मागं बघतात."

मला कळलं. त्याच क्षणी कळलं. आणि मी म्हणालो, "असेल काहीतरी, सर."

सगळ्या चामराजपेटेत पसरलं, सुलोचनाला नवऱ्याची गाडी ऐकू येते. तिची सासू तिला समजवायची, अगं ती डॉक्टरांची गाडी. अक्का म्हणायची, "रंग कुणाचा असेल तो असो. आवाज ह्यांचा आहे." मग कुठून तरी एक मांत्रिक आणला. अंगणात बसवून तिला लिंबाच्या फोकांनी मारलं. केसांची बट कापून मागच्या पिंपळाला खिळ्यानं ठोकली. मी गल्लीच्या तोंडाला उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर सगळं थांबलं असतं. 'दांडा माझा आहे, मी बसवला.' एवढंच. पण शप्पथ मोडली हे चार लोकांत कसं सांगणार? धंद्यातलं नाव काय राहणार? मी घरी येऊन जेवलो. जेवलो, हे मुद्दाम लिहितोय.

रघूला हुबळीला मामाकडे पाठवलं. बाधा झालेल्या आईजवळ पोर नको म्हणून. काही महिन्यांत डॉक्टरांनी गाडी विकली आणि बदली होऊन गेले. अक्का बाहेर यायची बंद झाली. लोक म्हणाले, बरी झाली.

रघू हुबळीतच वाढला. आता पन्नाशी ओलांडलीय, शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला मोठ्या फ्लॅटमध्ये राहतो. आईला महिन्याचं सामान पाठवतो, सणाला फोन करतो. पण नातवंडं आजीपाशी एकटी कधी राहिली नाहीत. अक्का मला एकदा म्हणाली होती, "माझ्या हातात ताट द्यायलासुद्धा सून दोनदा विचार करते, खंडू." आणि मी, मी कॉफी पीत बसलो होतो तिच्या ओट्यावर.

तर ही अशी वस्तू मृणालच्या निळ्या गाडीत बसून माझ्याकडे परत आली होती. मी आधी स्वतःला समजावलं. डॉक्टरांची गाडी साईच्या रंगाची, ही निळी. झिजलेली इंजिनं कशीही खोकतात. म्हणून धावपट्टीवर दोन्ही गाड्या नेल्या. भर दुपार, पट्टीवर चिटपाखरू नाही, फटींतून गवत वर आलेलं. स्पोर्ट मी घेतली, स्टँडर्ड मृणालकडे. हिशेब सरळ होता. सुरुवातीला दोघी बरोबर राहतील, पण अर्ध्या पट्टीनंतर स्टँडर्डचा दम संपेल आणि स्पोर्ट निघून जाईल.

दम संपला नाही. मी पाय पूर्ण दाबला तरी निळी गाडी माझ्या खिडकीलगत तशीच. अर्ध्या पट्टीला ती किंचित पुढं गेली. मी डावीकडे बघितलं. मृणाल चालवत होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर, चेहरा समोर. आणि शपथेवर सांगतो, मला वाटलं की ही मुलगी गाडी चालवत नाहीये, नुसती बसलीय.

थांबल्यावर ती उतरली तेव्हा हसत नव्हती. "अण्णा, विचित्र आहे. मला तिसऱ्यातून चौथ्यात गिअर टाकायचं सुचलं त्याच्या आधी हात गेला होता. आणि मी कधीच इतक्या उशिरा बदलत नाही."

उशिरा बदलायचा तो दत्तण्णा. मी त्याला त्यावरून शिव्या द्यायचो. पण हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. म्हटलं, गाडी शेडमध्ये आण, पोट बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटर उतरवला, समोरचं झाकण काढलं. बॉनेटच्या आतल्या कडेला निळ्याखाली साईचा रंग दिसत होता. दांड्याच्या तोंडावरची काजळी अंगठ्यानं पुसली. तीन ठिपके. माझा पंच, त्याचं टोक एका बाजूला झिजलेलं, म्हणून प्रत्येक ठिपका जरा लांबट. मी तसाच जमिनीवर बसलो.

मृणाल स्टुलावर होती. तिला सगळं सांगितलं. शप्पथ, डॉक्टर, मांत्रिक, हुबळी, सगळं. तिनं वाकून ते तीन ठिपके बघितले. मग म्हणाली, "गाडीचं नंतर बघू. त्या आजींना कधी सांगणार आहात?"

"या वयात कशाला..."

"कुणाच्या वयात, अण्णा? तुमच्या की त्यांच्या?"

पुण्याची माणसं तोंडाला फटकळ, असं आमच्याकडे म्हणतात. पण कधी कधी फटका लागतोच.

झाकण बसवलं, रेडिएटर चढवला, आणि संध्याकाळी दिवेलागणीला गाडी पाचव्या गल्लीत नेली. मृणालनं चालवली, मी शेजारी. गल्ली आता ओळखू येत नाही, दोन्ही बाजूंना चार मजली घरं, खाली झेरॉक्स आणि मोबाइलची दुकानं. फक्त अक्काचं घर तसंच बैठं. गेटही तेच. मी मृणालला म्हटलं, "स्वल्प थांब. इथं उभी कर. बंद करू नको."

तीन सरळ, चौथा खोल.

आतून काहीच हालचाल नाही. मी मनात म्हटलं, ऐकू येत नसेल, वय झालं. तेवढ्यात दाराची कडी वाजली. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, हातात निवडायची मेथीची जुडी तशीच, पायरी उतरून आली. माझ्याकडे बघितलं नाही. मृणालकडे बघितलं नाही. कुरकुरतं गेट दोन्ही हातांनी पूर्ण उघडलं आणि बाजूला झाली. गाडीला आत यायला जागा करून दिली.

मग तिची नजर माझ्यावर पडली आणि तिचा चेहरा पांढराफटक झाला. तिला वाटलं, पुन्हा ते बाधेचं सुरू झालं. ती घाईघाईनं गेट लावायला लागली. "काही नाही रे खंडू, काही नाही. वाऱ्यानं उघडलं."

मी उतरलो आणि तिचा हात धरला. "अक्का, आवाज खरा आहे. दत्तण्णाचाच आहे. मी दांडा भट्टीत दिला नाही. डॉक्टरांच्या गाडीत मी घातला होता. तुला तेव्हा जे ऐकू येत होतं ते खरं होतं. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो."

मृणालनं इंजिन बंद केलं. अक्का माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं. तिनं मेथीची जुडी ओट्यावर ठेवली, पदराला हात पुसले.

"म्हणजे मी वेडी नव्हते."

"नव्हतीस, अक्का."

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "पण एकटीला माहीत असून काय उपयोग? फोन लाव. रघूला लाव. माझ्यासमोर सांग."

मी फोन काढला, मृणालनं नंबर लावून दिला आणि स्पीकरवर टाकला. रघूचा नेहमीचा घाईचा आवाज आला, "हां अण्णा, आईला बरं आहे ना?" मी त्याला सगळं सांगितलं, काही न गाळता. तुझी आई वेडी नव्हती, बाधा नव्हती, अपराध माझा होता.

मग तो म्हणाला, "अण्णा, मलाही ऐकू यायचा."

अक्का पुढं झाली. "काय म्हणालास?"

"मलाही यायचा, आई. तीन आणि एक. तू गेट उघडायला जायचीस तेव्हा मी खिडकीत असायचो."

"मग बोलला का नाहीस रे? तुझ्या आज्जीला, मामाला, कुणाला तरी!"

"तुझे केस झाडाला ठोकले होते ना," पन्नाशीतला माणूस नऊ-दहा वर्षांच्या पोराच्या आवाजात म्हणाला. "मी बघितलं होतं."

अक्का ओट्यावर बसली. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी माझ्या धंद्यातलं बोललो, तेवढंच येतं मला. म्हटलं, "रघू, त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं बाबा. डॉक्टरांची गाडी रोज जायची. ती विकल्यावर आवाज थांबलाच असेल."

"विकली कधी?"

"तू हुबळीला गेल्यावर लगेच."

गल्लीतून एक रिक्षा गेली.

"नाही अण्णा," रघू म्हणाला. "मला दहावीपर्यंत यायचा. हुबळीला. मामाच्या घरी. संध्याकाळी."

मृणालनं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांची गाडी हुबळीला कधी गेली नव्हती. त्यांनी ती सकलेशपूरच्या मळ्यात विकली आणि तिथून ती थेट मृणालकडे आली, तिच्याकडे कागद आहेत. मी पन्नास वर्षांत शिकलेलं सगळं डोक्यातून फिरवून बघितलं, काजळी, झडपा, ठिणगी. काहीही बसेना.

अक्का मात्र अजिबात चकित झाली नव्हती. तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, जेवलास का विचारावं तसं, "मग तू गेट उघडायचास का, राजा?"

"मामाकडे गेट नव्हतं, आई," रघू म्हणाला. "मी दाराची कडी काढून ठेवायचो."

दोघं रडले. मीही रडलो, लपवून काय करू. मग रघू म्हणाला, मी आत्ता निघतो, पोरांना घेऊन निघतो. येलहंक्याहून त्या वेळेला यायचं म्हणजे दोन तास, पण तो निघाला.

मृणालनं गाडी विकली नाही आणि शर्यतीतही उतरवली नाही. दांडा काढून देऊ का, असं मी विचारलं तर म्हणाली, आजींना विचारा. पण उत्तर मला आधीच मिळालं होतं. त्याच संध्याकाळी निघताना मी सवयीनं गेट ओढून घ्यायला गेलो. अक्का आत तांदूळ धुवत होती, नातवंडं यायची होती. तिथूनच ओरडली, "राहू दे खंडू. उघडंच राहू दे."